एका माणसाची पावती

कारकुनाला पावतीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. पण आगगाडीतल्या जेवणाच्या साध्या पावतीवरून खुनाला वाचा फुटते, अशी एक जपानी कादंबरी वाचली आणि लेखकाविषयी कुतूहल वाटले. सेइचो मात्सुमोतो हे त्यांचे नाव.

जन्म १९०९ चा. क्युशू बेटावरील कोकुरा शहरात ते वाढले. घरची गरिबी, त्यामुळे शाळा लवकर सुटली. एका कंपनीत पोऱ्या म्हणून लागले, मग छापखान्यात उमेदवारी केली. कामगारांविषयीची मासिके वाचतात म्हणून १९२९ साली पोलिसांनी कोठडीत टाकले. सुटून आले, तर वडिलांनी धास्तीने पुस्तके जाळून टाकली. पुढे असाही या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात चिकटले. महायुद्धानंतर पगारात आईवडील, बायको, मुले यांचे भागेना, तेव्हा नोकरी सांभाळून केरसुण्या विकत हिंडले. पहिली कथा लिहिली ती चाळिशीत, तीही एका साप्ताहिकाच्या स्पर्धेसाठी. १९५३ मध्ये मानाचे अकुतागावा पारितोषिक मिळाले.

आता ती पावती. ‘बिंदू आणि रेषा’ ही कादंबरी १९५८ साली पुस्तकरूपाने आली. काशीईच्या समुद्रकिनारी एक सरकारी अधिकारी आणि एक तरुणी मृत सापडतात. शेजारी विषारी पेयाची बाटली. प्रेमी जोडप्याची आत्महत्या, असे सारे धरून चालतात. फक्त तोरिगाई हा वयस्क फौजदार अडतो. मृताच्या खिशातली पावती एकाच माणसाच्या जेवणाची! तो घरी येऊन स्वतःच्या मुलीला विचारतो, भूक नसली तरी तू सोबत जाऊन बसली नसतीस का? मुलगी म्हणते, बसले असते. झाले, तिथून धागा सुटतो. पुढे टोकियो स्टेशनवरच्या चार मिनिटांचे असे गणित येते, की मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मेलेला माणूस मधल्या फळीचा. त्याच्या खात्यात लाचेची चौकशी चालू, आणि त्याला सारे ठाऊक. खुनी कोण ते सांगत नाही, तेवढी मजा तुमची. एवढेच सांगतो की, ज्या बड्या साहेबासाठी त्या दोघांचा बळी गेला, त्याची शेवटी फक्त बदली होते, आणि तीही आधीपेक्षा बऱ्या खुर्चीवर.