खोके आधी, वॉट नंतर

रस्त्याने एखादी मोटार ढमढम गाणे वाजवीत जाते, तेव्हा नीट कान द्या. पुष्कळदा गाण्यापेक्षा मागच्या नंबरप्लेटची खडखडच जास्त ऐकू येते! मालक मात्र अधिक वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याच्या विचारात असतो. माझ्या मते त्याने आधी खोक्याकडे आणि पत्र्याकडे पाहावे.

का, ते पाहा. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक बेताचाच जाणवतो. शिवाय खडखडही त्याबरोबर वाढते.

आता खोक्याचे काम समजून घेऊ. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते; त्याच क्षणी मागची विरळ होते. 50 हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे 7 मीटर असते. तिच्यापुढे पडदा इवलासा! त्यामुळे मागची लहर कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारक ठरते. बंद खोके तिला अडवते. 1954 साली अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी खोक्यात कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि लहान खोक्यातून खर्जाचे स्वर मिळवले. म्हणून खोके जाड प्लायवुडचे, आतून पट्ट्या ठोकून ताठ केलेले आणि सांध्यांतून हवा न गळणारे हवे. घनफळ मोजताना स्पीकरने व पट्ट्यांनी व्यापलेली जागा वजा करावी.

आता खडखड. प्रत्येक सैल पत्र्याला स्वतःची कंप्रता असते. तीच कंप्रता बाहेरून मिळाली की अनुस्पंदन होते. मोटार उभी करून 20 ते 100 हर्ट्‌झपर्यंतचा स्वर सावकाश चढवत न्या. खडखड सुरू होताच एकेक भाग हाताने दाबून पाहा. थांबली, की चोर सापडला! स्क्रू आवळा, नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावा, दाराच्या पत्र्यावर ब्यूटाइल रबराचा थर चिकटवा. हा थर कंपनांची ऊर्जा उष्णतेत घालवतो.

जादा वॉटचाही उपयोग असतो. पण तो या सर्वांनंतर.

शिक्षकांना एक विनंती. अनुस्पंदनाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी वर्गात एक जुना स्पीकर आणा. तो आधी हातात धरून वाजवा, मग पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यात बसवा. खर्ज कसा भरून येतो, ते मुलांना आपल्या कानांनी ऐकू द्या.