गाडीचे पिवळे पडलेले दिवे : घासायचे की बदलायचे?



संध्याकाळी आपल्या कोणत्याही वस्तीच्या तोंडाशी उभे राहा. किती घरांची चूल चाकांवर चालते ते डोळ्यांना दिसेल. रिक्षा, टॅक्सी, छोटा टेम्पो, शाळेची व्हॅन, हप्त्यावर घेतलेली एखादी जुनी मोटार. कुणी स्वतःच्या गाडीवर आहे, तर कुणी शेठच्या गाडीवर पाळीने आहे. या गाड्यांचे टायर, ब्रेक, ऑईल यांची चौकशी होते. पुढच्या दिव्यांची मात्र होत नाही. दिवा लागला म्हणजे झाले, अशी आपली समजूत आहे. त्या दिव्याची काच पिवळी पडली, दुधासारखी गढूळ झाली, चरे पडून खरखरीत झाली, तरी ‘चालतंय की’ म्हणत वर्षे निघून जातात. या आठवड्यात आम्ही त्या काचेविषयीच लिहिणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण रात्रीच्या रस्त्यावर माणसाचा जीव पुष्कळदा त्या वीतभर काचेवर अवलंबून असतो.

काच नव्हे, प्लॅस्टिक

पहिली गोष्ट ही की, जिला आपण काच म्हणतो ती आता बहुतेक गाड्यांत काच राहिलेली नाही. मुंबईची जुनी काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी आठवा. तिचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला तर ती काच फुटे, पण पिवळी पडत नसे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या गाड्यांचे दिवे पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे आहेत. हे प्लॅस्टिक हलके असते, हव्या त्या आकारात ओतता येते आणि सहसा फुटत नाही. पण ते मऊ असते, आणि ऊन त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, पारदर्शक, टणक थर चढवलेला असतो.

सूर्याच्या अतिनील किरणांनी हा थर वर्षानुवर्षे झिजतो. त्यात रस्त्याची धूळ, वाळूचे कण आणि कोरड्या फडक्याने खसाखसा पुसण्याची आपली सवय यांची भर पडते. थर गेला की खालचे प्लॅस्टिक पिवळे पडू लागते. बंगल्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे दिवे पुष्कळ वर्षे टिकतात. आपल्या माणसाची गाडी दिवसभर उन्हात धावते आणि रात्री रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी राहते. म्हणून हे दुखणे आपल्या गाड्यांना लवकर लागते.

उजेड किती कमी होतो?

अमेरिकेतील वाहनधारकांची ‘अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही मोठी संस्था आहे. तिने २०१८ साली अशा जुन्या दिव्यांची मोजणी केली. पिवळ्या, गढूळ दिव्यातून नव्या दिव्याच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाइतकाच उजेड बाहेर पडतो, असे तिला आढळले. म्हणजे रुपयातले वीस पैसे. बाकीचे ऐंशी पैसे त्या गढूळ प्लॅस्टिकमध्ये अडकतात, नाहीतर इकडेतिकडे विखुरतात.

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारे, म्हणून हाही हिशेब मांडून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असूनही थांबायला आणखी २० मीटरांच्या वर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. आता दिवा चांगला असताना डिप्परवर माणूस ६० मीटरांवरून दिसत होता असे समजा. उजेड पाचव्या हिश्शावर आला की तेवढ्याच स्पष्टपणे दिसण्याचे अंतर निम्म्याहूनही खाली येते, म्हणजे २७ मीटर. दिसते २७ मीटरांवर आणि थांबायला लागतात ४५. मधल्या १८ मीटरांत काय होते, ते आम्ही सांगायला नको.

आणि त्या दिव्यापुढे कोण असते? पहाटे चार-पाच वाजता झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेली सफाई कामगार भगिनी, रात्रपाळी करून पायी परतणारा कामगार, मार्केटातून भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई. सगळी आपलीच माणसे. फूटपाथ नसल्याने ती रस्त्यावरून चालतात आणि अंगावरचे कपडेही बहुधा गडद असतात. म्हणून आम्ही म्हणतो, की दिव्याची काच हा गाडीच्या रूपाचा प्रश्न नाही.

दुसरा तोटा समोरच्या चालकाचा. उजेड पुरत नाही म्हणून आपला माणूस रात्रभर अप्पर लावून हाकतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तोही चिडून अप्पर लावतो. दोघेही आंधळे होऊन एकमेकांच्या बाजूने जातात.

आधी तपासा, मग खर्च करा

गॅरेजवाल्याकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी घरीच पाहाव्यात.

एक, दिव्याच्या काचेवर पाणी ओता. काच ओली असताना स्वच्छ दिसू लागली आणि वाळल्यावर पुन्हा गढूळ झाली, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. तो घासून निघेल. ओली असतानाही गढूळच राहिली, तर दोष आत आहे किंवा भेगा खोल गेल्या आहेत.

दोन, आत डोकवा. आतल्या चकचकीत वाटीचा, म्हणजे रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल, ती काळवंडली असेल किंवा आत पाणी साचत असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही.

तीन, बल्ब आणि वायर. बल्ब जुना होऊन मंद झालेला असू शकतो. होल्डरला गंज चढला असेल किंवा अर्थची वायर ढिली असेल, तरी बल्बपर्यंत पुरता करंट पोहोचत नाही. हा दोष थोडक्या पैशांत जातो. नवा हॅलोजन बल्ब लावताना त्याच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणाने ती जागा तापून बल्ब लवकर जातो. आणि उजेड वाढावा म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब मुळीच बसवू नये. त्याने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, वायरिंग तापते आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळेच.

हे उपाय नकोत

फिटनेसच्या आदल्या संध्याकाळी टूथपेस्टने दिवे घासण्याची पद्धत आपल्याकडे आहे. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, म्हणून वरचा मळ निघतो आणि चार दिवस काच बरी दिसते. पण ऊन अडवणारा थर काही टूथपेस्टमधून येत नाही. काही जण अंगाला लावायचे डासांचे औषध चोळतात. त्याने प्लॅस्टिकचा वरचा भाग विरघळून तात्पुरता चकाकतो आणि पुढे अधिकच बिघडतो. पेट्रोल आणि थिनर तर काचेजवळही नेऊ नये. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक भेगा पडतात आणि मग दिवा बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

घरच्या घरी कसे घासावे

लागणारे सामान असे : ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबिंग कंपाऊंड, मऊ सुती फडकी आणि अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. सामान घेताना क्लिअर कोटवर ‘यूव्ही’ असे लिहिले आहे का ते वाचावे. साधे चकाकी देणारे वार्निश चालत नाही.

गाडी सावलीत घ्यावी. दिवा साबणाच्या पाण्याने धुवावा. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावावेत, नाहीतर दिवा उजळेल आणि बॉनेटचा रंग जाईल. मग ८०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने आडवे घासावे. पाणी सतत चालू ठेवावे, कोरडे घासू नये. प्रथम पिवळसर पाणी निघेल. ते पांढरे निघू लागले की पुरे. आता १५०० चा पेपर घेऊन उभे घासावे, नंतर २००० ने पुन्हा आडवे आणि ३००० ने उभे. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे चरे पुसायचे असतात. इथे घाई केली तर चरे तसेच राहतात. काच फार खराब नसेल, तर ८०० वगळून १५०० पासूनच सुरुवात करावी.

या वेळी काच पूर्वीहून पांढरी दिसेल. घाबरू नये. कंपाऊंड लावून फडक्याने गोल गोल चोळले की ती उजळते. त्यानंतर दिवा धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर क्लिअर कोटचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेइतके वाळू द्यावे. हे शेवटचे काम टाळणारेच पुष्कळ आहेत. मग दोन-चार महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडली की ‘घासून काही उपयोग नाही’ म्हणतात. घासताना आपण उरलासुरला संरक्षक थरही काढून टाकलेला असतो. तो परत चढवला नाही, तर ती मेहनत पाण्यात जाते.

एक सूचना माता-भगिनींसाठी. क्लिअर कोटचा स्प्रे पेट घेणारा असतो आणि त्याचा वास छातीत जातो. चाळीच्या खोलीत, गॅस-शेगडीजवळ किंवा लहान मुलांच्या जवळपास तो मारू देऊ नका. उघड्यावर, नाकातोंडाला मास्क बांधूनच मारायला सांगा.

बदलायचा केव्हा?

वर सांगितलेल्या अमेरिकन मोजणीत चांगले घासलेले दिवे नव्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले. कंपनीचे नवे दिवे अर्थातच पूर्ण उजेड देतात, तर बाहेरच्या बनावटीचे ८३ ते ९० टक्के देतात. म्हणजे वीस पैशांचे सत्तर पैसे घासून होतात, आणि पुढचे पैसे हवे असतील तर दिवा बदलावा लागतो.

भेगा पडल्या असतील, आत पाणी शिरत असेल, रिफ्लेक्टर गेला असेल किंवा दिव्याचे कान तुटून तो हलत असेल, तर घासण्यात वेळ घालवू नये. मेकॅनिक ज्याला ‘डूम’ म्हणतात तो पूर्ण भाग बदलावा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत नवे-जुने पार्ट मिळतात. जुना डूम घेताना तो उन्हात धरून आतला रिफ्लेक्टर पाहावा आणि कान मोजून घ्यावेत. परदेशी गाडीतून काढलेला डूम घेताना एक काळजी अधिक. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून डिप्परचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढलेला असतो. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशातला डूम बसवला तर तो उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

डूम बदलल्यावर फोकस लावायला विसरू नये. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करावी. डिप्परच्या उजेडाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच खाली पडली पाहिजे. दिव्यामागच्या स्क्रूने ती खालीवर करता येते.

खर्च कोणाचा?

स्वतःची गाडी असेल तर प्रश्न नाही. घासण्याचे सामान पाचशे रुपयांच्या आसपास येते आणि त्यात दोन-तीन गाड्या होतात. तिघांनी मिळून घेतले तर प्रत्येकाला रोजच्या चहा-पानाइतका भार पडतो.

अडचण आहे ती शेठच्या गाडीवर पाळीने जाणाऱ्यांची. शेठ म्हणतो, ‘पासिंगच्या वेळी बघू.’ पासिंग कधीतरी येते, रात्र मात्र रोज येते. आणि अपघात झाला की पोलीस ठाण्यात पहिले नाव लिहिले जाते ते चालकाचे. गाडीचा खर्च हा मालकाचा खर्च आहे, ही साधी हिशेबाची गोष्ट आहे. चालकाने ती नम्रपणे पण स्पष्ट सांगावी. दिवे खराब असल्याचे तारखेसह वहीत लिहून मालकाला दाखवावे आणि त्याची सही घ्यावी. एकट्याला सांगणे जड जात असेल, तर स्टँडवरच्या चौघांनी मिळून सांगावे. एकट्याची तक्रार मालक ऐकून सोडून देतो. चौघांची त्याला ऐकून घ्यावी लागते.

वस्तीतील तरुण मंडळांना आमची विनंती आहे, की एखाद्या रविवारी सकाळी समाजमंदिराच्या अंगणात पाण्याच्या दोन बादल्या आणि वॉटर पेपर घेऊन बसावे. वर्गणीतून सामान आणावे. ज्याला येते त्याने दुसऱ्याला शिकवावे. सकाळच्या चार तासांत पाच-सहा गाड्यांचे दिवे सहज होतील, आणि आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलांच्या हाताला एक काम लागेल. शहरात याच कामाचे लोक पैसे घेतात.

घरातल्या माणसाला रात्री गाडीवर धाडताना आपण डबा भरून देतो, पाण्याची बाटली देतो, ‘सावकाश जा’ म्हणतो. आज एवढे आणखी करावे. गाडीजवळ जावे, दिवे लावायला सांगावेत आणि समोरच्या भिंतीवर उजेड किती पडतो ते एकदा पाहावे. तो अंधुक दिसला, तर येत्या सुट्टीच्या दिवशी आधी ते काम हाती घ्यावे.