रंगाची बंदूक आणि बचतीचा हिशेब

मेमोरियल डे होऊन गेला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांत रंगकामाचे वारे वाहू लागतात. गणपतीच्या आधी कुंपण, डेक, गॅरेजचे दार आणि जमल्यास बैठकीची खोलीही उरकून घ्यायची, असा बेत ठरतो. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकला की "एवढ्या पैशांत भारताचे तिकीट येईल!" असे उद्गार निघतात, आणि मग घरातला इंजिनिअर दुकानातून विजेवर चालणारी स्प्रे गन घेऊन येतो.

मीही त्याच पंथातला. शिक्षण इंजिनिअरिंगचे, नोकरी सॉफ्टवेअरची आणि हौस हत्यारांची. तेव्हा घरी स्वतः रंग देऊ नका, असे मी मुळीच सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, या बचतीचा हिशेब आपण अर्धाच मांडतो. मास्क, गॉगल, झाकपाक आणि तयारीचा वेळ धरून स्प्रे गन परवडत नसेल, तर ती आपल्याला परवडतच नाही.

आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे. एकाने वस्तू घ्यायची आणि दहा घरांनी वापरायची. स्प्रे गनही अशीच एडिसनहून प्लेन्सबरोला आणि तिथून ब्रिजवॉटरला फिरते. पण यंत्र फिरते, मास्क फिरत नाही. माहितीपुस्तक तर दुसऱ्याच घरी हरवते. तिसऱ्या माणसाच्या हाती येते ती फक्त बंदूक आणि "अरे, एकदम सोपे आहे" हे आश्वासन. माझी खरी तक्रार इथे आहे.

दोन प्रकार, दोन धोके

घरगुती वापरासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या गन मिळतात. एकीत पंख्यासारखे यंत्र कमी दाबाची भरपूर हवा सोडते आणि त्या हवेबरोबर रंग उडतो. तिला एचव्हीएलपी म्हणतात. दुसरी एअरलेस. तिच्यात हवा नसते. पंप रंगालाच दाबतो आणि बारीक छिद्रातून बाहेर फेकतो. हा दाब दर चौरस इंचाला १,५०० ते ३,००० पौंडांपर्यंत असू शकतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पौंड असतो, यावरून कल्पना करावी.

एवढ्या दाबाचा रंग कातडीतून सरळ आत शिरतो. तोंडाशी अडकलेला रंग बोटाने पुसायला जावे आणि त्याच वेळी चाप दाबला जावा, असे हे अपघात होतात. उजव्या हातात गन असते, म्हणून बहुधा डाव्या हाताची तर्जनी सापडते. वरून दिसतो तो सुई टोचल्यासारखा एक ठिपका. रक्त नाही, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. "हळद लाव, सकाळी बघू" असे म्हणण्याचा मोह होतो. पण आत रंग बोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्यांच्या बाजूने पसरत असतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

म्हणून असे झाल्यास ताबडतोब इमर्जन्सी रूम गाठावी. तिथे "हाय-प्रेशर इंजेक्शन इंजुरी" हेच शब्द वापरावेत आणि रंगाच्या डब्याचे लेबल बरोबर न्यावे. आपल्यापैकी पुष्कळांची भाकरी कीबोर्डवर चालणाऱ्या बोटांवर आहे. डिडक्टिबल वाचवण्यासाठी रात्रभर थांबण्याची ही जागा नव्हे.

आणखी एक गोष्ट. प्लग काढला म्हणजे दाब गेला, असे नाही. आधी यंत्र बंद करावे, प्लग काढावा, झडप दाब सोडण्याच्या स्थितीत फिरवावी, गन बादलीत धरून चाप दाबावा आणि मग चापाचे कुलूप लावावे. त्यानंतरच तोंड काढून साफ करावे. गन रिकामी असली तरी ती कोणाकडे रोखू नये. मुलांच्या हाती तर देऊच नये.

श्वास आणि ठिणगी

२०२० च्या कोविडमधले एन-९५ मास्क अजून अनेकांच्या खणात आहेत. ते रंगाचे तुषार बऱ्याच प्रमाणात अडवतात, पण थिनरची वाफ अडवत नाहीत. ऑइल पेंट किंवा लॅकर असेल तर ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असलेला, नायॉशची मान्यता असलेला रबरी मास्क हवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. आत वास येऊ लागला तर काम थांबवून बाहेर मोकळ्या हवेत यावे. दोन डबे मिसळून तयार होणारे पॉलियुरेथेन रंग घरी फवारूच नयेत. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो.

उन्हाळ्यात भारतातून आलेले बाबा किंवा सासरे शेजारी उभे राहून देखरेख करतात, तीही मास्कशिवाय! त्यांना प्रेमाने सांगून लांब बसवावे. त्यांच्या प्रवासी विम्यात जुन्या दम्याचा खर्च बसतो की नाही, हे दवाखान्यात गेल्यावर समजू नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनाही त्या दिवशी घराबाहेर ठेवलेले बरे.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत वॉटर हीटरच्या पाइलट लाइटपर्यंत पोचली, तर भडका उडू शकतो. गनची मोटार आणि दिव्याचे बटण यांतूनही ठिणगी पडते. आपल्या गनमध्ये कोणता रंग चालतो, हे माहितीपुस्तकात दिलेले असते. ते वाचावे आणि शक्यतो पाण्यात विरघळणारा लेटेक्स रंगच वापरावा. ऑइल स्टेनने भिजलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेतात. ती बाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवावीत.

जुने घर असेल तर

अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीची घरे आपल्या भागात पुष्कळ आहेत. अशा घरात फवारण्यापेक्षा आधीची घासाई जास्त धोक्याची असते. सँडपेपरने उडालेली शिसेयुक्त धूळ रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि तिथून तोंडात जाते. आधी रंग तपासून घ्यावा आणि शिसे निघाले तर कोरडी घासाई करू नये. २०१० पासून लागू असलेल्या ईपीएच्या नियमानुसार अशा घरांत पैसे घेऊन काम करणारा रंगारी प्रमाणित असावा लागतो. स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केले तर हा नियम लागत नाही, पण भाड्याने दिलेल्या घरात घरमालकालाही लागतो. गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग गन कुठे वापरावी?

माझे मत विचाराल तर माणसे राहत असलेल्या, सामानाने भरलेल्या खोलीसाठी रोलरच बरा. गनने भिंत वीस मिनिटांत होते हे खरे, पण खिडक्या, फरशी, देव्हारा आणि सोफा झाकण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय रंगाचा बराच भाग हवेत उडून फुकट जातो, तो वेगळाच. गनचे खरे काम कुंपण, जाळी, वेताच्या खुर्च्या, कपाटांची सुटी काढलेली दारे आणि ताबा घेण्याआधीचे रिकामे घर. बाहेर काम करताना वारा पाहावा. शेजाऱ्याच्या मोटारीवर बसलेले ठिपके आपल्या विम्यात बसतील असे गृहीत धरू नये, आधी पॉलिसी वाचावी. वीज जीएफसीआय प्लगमधूनच घ्यावी.

आता हिशेब. गनच्या किमतीत मास्क, कार्ट्रिज, गॉगल, हातमोजे, प्लास्टिक आणि टेप मिळवा. आपला शनिवार-रविवारही मिळवा. कुंपणाच्या बाबतीत बहुधा तरीही फायदाच निघेल. एका खोलीच्या बाबतीत बहुधा निघणार नाही. आणि एकदाच लागणार असेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणलेली बरी.

मंडळातल्या कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. गन जरूर उसनी द्या, पण माहितीपुस्तक, गॉगल आणि झाकायचे प्लास्टिक एकाच खोक्यात भरून द्या. खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने दाब सोडण्याच्या पायऱ्या आणि पॉयझन कंट्रोलचा नंबर, १-८००-२२२-१२२२, मराठीत लिहून चिकटवा. मास्क मात्र ज्याचा त्याने घ्यावा, टूथब्रशसारखा. आणि मागणाऱ्याने "मास्क नाही, पण चालेल" असे म्हटले, तर त्याला गनऐवजी रोलर द्यावा. थोडा राग येईल, पण मैत्री टिकेल आणि बोटेही.