आजोबांनी सांगितलं होतं छोटं

जपानच्या तोकुगावा शोगुनशाहीचा, म्हणजे लष्करी राजवटीचा, संस्थापक इएयासु १६१६ साली वारला. जाण्याआधी त्याने बजावलं होतं, वर्ष सरलं की निक्कोच्या डोंगरात माझं एक छोटंसं देऊळ बांधा. मुलाने १६१७ मध्ये ते बांधलंही. पण नातू इएमित्सु शोगुन झाला आणि १६३६ पर्यंत त्याने त्याच जागी तोशोगू हे आजचं भव्य देवस्थान उभं केलं. आजोबा देव झाले की नातवाच्या गादीलाही बळकटी येते, हे त्याला नेमकं कळलं होतं.

टोक्योच्या आसाकुसाहून रेल्वेने दोनेक तासांवर निक्को. तिथल्या योमेइमोन दरवाजावर पाचशेहून जास्त कोरीव आकृती आहेत: ड्रॅगन, चिनी ऋषी, खेळणारी पोरं. अंधार पडेपर्यंत बघत राहावं असं दार, अशी त्याची ख्याती. माझे डोळे त्याआधीच शिणले. १९३३ मध्ये जपानला आलेला जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट क्योतोच्या कात्सुरा वाड्याच्या साधेपणावर भाळला आणि निक्कोला त्याने नाकं मुरडली. त्याचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

पण या भपक्यात कारागिरांचा मिश्कीलपणाही आहे. योमेइमोनच्या एका खांबावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरली आहे. काम पुरं झालं की पडझड सुरू होते, म्हणून ते अपुरं ठेवायचं. तबेल्यावर ती तीन माकडं, तोंड, कान, डोळे झाकलेली. सगळी गर्दी तिथेच, आणि समोरच्या कोठारावरच्या हत्तींकडे पाठ करून! कानो तान्यु या चित्रकाराने हत्ती न पाहताच त्यांचे आराखडे काढले. गणपतीच्या गावचा माणूस त्या कानांकडे पाहून हसतोच. तरी सोंडेत, डोळ्यांत काय रुबाब आहे! मला सगळ्या तोशोगूत तेच सर्वात आवडले.

झोपलेल्या मांजरीच्या कोरीवकामाखालून गेलं की दोनशेवर दगडी पायऱ्या, आणि वर इएयासुची समाधी. तिथे ना रंग, ना सोनं. म्हाताऱ्याला बहुधा एवढंच हवं होतं.

इएमित्सुची समाधी, ताइयुइन, तिथून चालत जाण्याजोगी. आजोबांपेक्षा मोठं काही करू नका, अशी त्याची ताकीद होती म्हणतात. त्याच्या मुलाने ती पाळली. १६५३ मध्ये पुरी झालेली ही वास्तू काळ्या-सोनेरी रंगांत, बरीच आवरती आहे. वेळ कमी असेल तर माकडांपुढची रांग सोडा, पण ताइयुइन चुकवू नका.