अर्जातली ती एक ओळ



स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली बाई आयुर्विम्याचा अर्ज भरायला बसते आणि 'पूर्वी मोठा आजार झाला होता का?' या ओळीशी थांबते. खरे लिहावे तर अर्ज नामंजूर व्हायची किंवा हप्ता वाढायची भीती. एजंट सांगतो, 'ताई, ते लिहूच नका.'

हा सल्ला मानू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. पॉलिसीला ३ वर्षे झाल्यावर कंपनीला तिच्याबद्दल कोणतीही हरकत घेता येत नाही. पण त्याआधी बाई गेली, तर आजार लपवला म्हणून मुलांचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

मात्र सगळा भार एकटीच्या खरेपणावर का? फ्रान्सने २०१६ मध्ये आजार 'विसरला जाण्याचा हक्क' कायद्यात आणला. २०२२ पासून तिथे उपचार संपून ५ वर्षे रोग उलटला नसेल, तर गृहकर्जाच्या विम्यासाठी कर्करोग सांगावा लागत नाही. स्पेन आणि इटलीनेही २०२३ मध्ये असे कायदे केले. आपल्याकडे किती वर्षे थांबायचे, हे कंपनीच ठरवते.

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्यात १८ ते ५० वयाच्या खातेदार बाईला तपासणीशिवाय २ लाखांचे संरक्षण मिळते. ते जरूर घ्या. पण जिच्या कमाईवर घर चालते, तिच्या मागे तेवढे पुरणार नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. नकार लेखी मागा, पत्रे जपा, आम्हाला कळवा. 'बरी झाली' हे डॉक्टरांनी म्हटले, आता कायद्यानेही म्हणावे.