शाप आणि हिशेब

बेसबॉलचा मोसम शरदात संपतो. मार्चअखेर पुढचा सुरू होईपर्यंत अमेरिकेतील मैदाने रिकामी असतात. या काळातील चर्चेला तिकडे 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात : पेटत्या शेगडीभोवती बसून कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार याचे तर्क लढवण्याची हिवाळी स्पर्धा. आपल्या शेकोटीवरच्या गप्पांशी तिचे नाते लगेच जुळते. मी बॉस्टन रेड सॉक्स या संघाचा जुना चाहता. खेळ थांबला की चाहत्याच्या हाती उरते ते केवळ कथन, आणि आपण आपल्या संघाची गोष्ट कशी रचतो, तिच्यातून काय गाळतो, हे हिवाळ्यातच नीट दिसते.

बॉस्टनची सर्वांत लाडकी गोष्ट शापाची. १९१८ पर्यंत या संघाने पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती. १९१९च्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा असामान्य खेळाडू एक लाख डॉलर्सना न्यूयॉर्क यांकीजना विकला. तोवर यांकीजच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. आज सत्तावीस आहेत. बॉस्टनला मात्र पुढच्या विजयासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले. फ्रेझी नाट्यनिर्माते होते, म्हणून 'नो, नो, नॅनेट' या संगीतिकेसाठी त्यांनी रूथला विकले अशी दंतकथाही रुजली. ही संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ साली, पण दंतकथेला तारखांची पर्वा नसते. खुद्द शापही वाटतो तितका प्राचीन नाही. तो घरोघरी पोहोचला तो मुख्यतः डॅन शॉनेसी यांच्या १९९० सालच्या पुस्तकामुळे. एका ग्रंथाने मागाहून घडवलेली परंपरा, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

या पराभवाला प्रतिष्ठा दिली ती साहित्यिकांनी. टेड विल्यम्सच्या १९६० सालच्या अखेरच्या घरच्या सामन्यावर जॉन अपडाइक यांनी लिहिलेला लेख आजही आदर्श मानला जातो. येल विद्यापीठात प्रबोधनकालीन साहित्य शिकवणारे बार्ट जियामाटी यांनी १९७७ मध्ये मोसम संपण्याच्या दुःखावर लिहिले. पुढे, १९८९ साली, ते बेसबॉलचे आयुक्तही झाले. हे दोन्ही लेख मला अतिशय प्रिय आहेत. तरीही त्यांच्या प्रभावाखाली आम्ही चाहत्यांनी एक सोयीची सवय लावून घेतली : हरणे ही शोकात्मिका मानायची आणि शोकात्मिकेत दोष नियतीला द्यायचा.

नियतीच्या या पडद्याआड काय झाकले गेले? १६ एप्रिल १९४५ रोजी, नगरपरिषदेतील एका सदस्याच्या आणि कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या दबावामुळे, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्यात आली. त्यांत जॅकी रॉबिन्सन होता. संघाकडून त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. दोन वर्षांनी त्याने ब्रुकलिनकडून खेळत वर्णभेदाची भिंत पाडली. बॉस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, उतरला तो १९५९ मध्ये. प्रमुख स्पर्धेतील सर्व संघांत सर्वांत शेवटी. विल्यम्स आणि रॉबिन्सन एकाच संघात खेळू शकले असते, ही कल्पना चाहत्याला आजही अस्वस्थ करते. यात शाप कुठे आला? तो टॉम यॉकी यांच्या मालकीच्या संघाचा निर्णय होता, आणि वर्षानुवर्षे तोच पुन्हा घेतला गेला. २०१८ साली फेनवे पार्कबाहेरच्या 'यॉकी वे'ला जर्सी स्ट्रीट हे जुने नाव परत मिळाले, तेव्हा निदान त्या रस्त्यावर तरी शापाची गोष्ट मागे पडली.

शाप पुरत नाही तिथे प्रतिस्पर्धी कामाला येतो. डिसेंबर २००२ मध्ये होजे कॉन्ट्रेरास हा क्यूबन पिचर यांकीजनी पटकावला, तेव्हा आमच्या संघाचे अध्यक्ष लॅरी लुकिनो यांनी त्यांना 'दुष्ट साम्राज्य' म्हटले. आम्ही ते शब्द डोक्यावर घेतले. पण वर्षभरातच याच संघाने त्या काळचा सर्वांत महागडा खेळाडू, अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, मिळवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या वेतनकपातीला खेळाडूंच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे तो व्यवहार फिसकटला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो यांकीजकडे गेला. एका न झालेल्या करारामुळे आमचा संभाव्य नायक खलनायक ठरला. त्याच वर्षी यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून आम्ही मालिका जिंकली आणि पुढे विजेतेही झालो. गरिबाने श्रीमंताला नमवल्याचा आनंद आम्ही साजरा केला. आमच्या संघाचा वेतनखर्च यांकीजच्या खालोखाल होता, याची आठवण कोणालाच नको होती.

म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधील घाव खोल गेला. २०१८च्या विजयाचा शिल्पकार मूकी बेट्स याला संघाने लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडले. त्याचा करार त्या मोसमाअखेर संपणार होता, वेतनखर्चावरील कराची मर्यादाही ओलांडलेली होती. त्याने डॉजर्ससाठी २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे जिंकण्यात वाटा उचलला. या वेळी शापाची सोय नव्हती. चार विजेतेपदे मिळवलेला, श्रीमंत मालकांचा संघ दैवाकडे बोट दाखवू शकत नाही. मला वाटते, आमच्या चाहतेपणातील तो पहिला प्रौढ क्षण होता.

२०२५च्या शरदात यांकीजनी आम्हाला बाद केले आणि शेगडी पुन्हा पेटली. त्यांच्याविषयीचा माझा द्वेष कमी झालेला नाही. तो कमी व्हावा असेही वाटत नाही. प्रतिस्पर्ध्यावाचून निष्ठेला आकार येत नाही. परंतु त्या द्वेषामुळे आपल्याच मालकांना प्रश्न विचारायचे राहून जात असतील, तर ती निष्ठा आंधळी म्हणावी लागेल. रूथ, रॉबिन्सन, बेट्स : आमच्या तिन्ही मोठ्या जखमा मोसमाबाहेरच्या, कोणत्याही मैदानी पराभवाआधी कार्यालयात झालेल्या आहेत. साहित्याचा वाचक एखाद्या संहितेतील मौनाकडे ज्या सावधपणे पाहतो, त्याच सावधपणे चाहत्याने हे हिवाळे वाचावेत. त्याने संघावरचे प्रेम कमी होत नाही. आपण नेमके कशावर प्रेम करतो, एवढे मात्र कळते.