गृहवैद्यक : तीळ काढण्यापूर्वीं व काढल्यानंतर

गिरीज येथील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. कन्येच्या गालावरील तीळ विवाहापूर्वीं काढून घ्यावा, असें घरांतील मंडळींचें मत. ‘नंतर काय सोसावें लागेल?’ हा त्यांचा प्रश्न. अखेरीस त्या सहज लिहितात कीं, केळीच्या वाडींत अनवाणी वावरणाऱ्या सासूबाईंच्या तळपायावरही एक काळा तीळ असून तो वर्षभरांत बराच पसरला आहे; ‘परंतु वयोमानानें तसें व्हावयाचेंच.’

प्रथम कन्येविषयीं. सुईनें तेवढीच जागा बधिर करितात. त्या टोचणीपलीकडे फारसें दुखत नाहीं. तीळ वरच्यावर तासल्यास टांके लागत नाहींत, समूळ कापल्यास लागतात. चेहऱ्यावरील टांके ५ ते ७ दिवसांनीं काढितात. पहिला दिवस पट्टी कोरडी ठेवावी. पुढें जखम साबणाच्या पाण्यानें हलकेच धुऊन व्हॅसलीन लावावें. खपली नखानें काढूं नये. रक्त आल्यास स्वच्छ फडक्यानें १५ मिनिटें दाबून धरावें. ठणका व सूज वाढत गेली, पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांस त्वरित दाखवावें. व्रण कांहीं महिने तांबूस राहतो आणि उन्हानें काळवंडतो. म्हणून मुहूर्त तोंडावर आला असतां ही घाई करूं नये. जखमेचा व्रण जाड होऊन वाढण्याची खोड घरांत कोणास असल्यास तेंही आधींच सांगावें.

चुना किंवा बिब्बा लावून तीळ जाळण्याचा घरगुती उपाय मात्र सर्वस्वीं टाळावा. तिलकालक शस्त्रानें काढून क्षारानें वा अग्नीनें जाळावा, असें सुश्रुतसंहिता सांगते. पण तें शस्त्रवैद्याचें काम. शिवाय आज काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां येतो. जो जळून गेला, तो काय होता हें कोण सांगणार?

आतां सासूबाई. आमच्या मतें पत्रांतील खरा प्रश्न त्यांचाच आहे. तीळ दोन्ही अंगांनीं सारखा नसणें, कडा वेड्यावांकड्या असणें, रंग एकजिनसी नसणें, व्यास ६ मिलिमीटरांहून अधिक असणें आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्यांत पालट होत जाणें, हीं त्वचेच्या मेलॅनोमा नामक कर्करोगाचीं संशयचिन्हें होत. आपल्याकडे हा रोग विरळा. परंतु सांवळ्या लोकांत तो झाला तर पुष्कळदां तळपाय, तळहात किंवा नखाखालींच होतो. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं तो १९७७ सालीं आढळला. १९८१ सालीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, ते निवर्तले. वेळींच समूळ काढल्यास मात्र हा रोग बरा होऊं शकतो.

सासूबाईंचा तीळ निरुपद्रवीही ठरेल; पण तें तपासणीनेंच ठरावें. वसईंतील त्वचारोगतज्ज्ञांस या आठवड्यांतच दाखवावें. त्यांनीं सुचविल्यास परळचें टाटा स्मारक रुग्णालय लोकलच्या टप्प्यांत आहे. कन्येचा तीळ थांबूं शकेल, सासूबाईंचा नाहीं.